हातातले वजन, खांद्यावरचा धक्का

११ एप्रिल १९३० रोजी कुमाऊंमधल्या काला आगरच्या डोंगरात जिम कॉर्बेट एका कोरड्या ओढ्यातून उतरत होता. उजव्या हातात .२७५ रिग्बी रायफल होती आणि डाव्या हातात वाटेत सापडलेली रातव्याची अंडी. एक मोठी शिळा ओलांडून त्याने खांद्यावरून मागे पाहिले, तर जेमतेम अडीच मीटरवर चौगडची नरभक्षक वाघीण दबा धरून बसलेली. अंडी सांभाळत, तिच्यावरची नजर न काढता, त्याने एकाच हाताने रायफल हळूहळू तिच्याकडे फिरवली आणि दस्ता खांद्याला न लावताच चाप ओढला. गोळी वर्मी लागली. पुढे या प्रसंगाचा हिशेब मांडताना त्याने आपल्या बाजूने असलेल्या गोष्टींत रायफलीचा हलकेपणा आवर्जून धरला. हातात जड रायफल असती, तर ती एका हाताने तशी फिरवताच आली नसती.

आठ वर्षांनी, १९३८च्या नोव्हेंबरात, थाकच्या वाघिणीसमोर त्याच कॉर्बेटच्या हातात .४५०/४०० ही जड दुनळी रायफल होती. संधिप्रकाशात, खडकाच्या काठावर अवघडून उभे राहून त्याने दोन्ही बार काढले. वाघीण जागीच मेली. पण धक्क्याने तोल जाऊन कॉर्बेट खडकावरून मागे, खाली बसलेल्या आपल्याच माणसांवर कोसळला.

मोठ्या सावजासाठी रायफल निवडताना जो वाद गेली शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे, त्याच्या दोन्ही बाजू या दोन प्रसंगांत आहेत. हलकी रायफल दिवसभर वागवता येते, चटकन वळते, अवघड जागी एका हातातही पेलते. जड रायफलीत मोठे काडतूस बसते आणि त्याचा बराचसा मार तिचे स्वतःचे वजन गिळते. दोन्ही गुण एकाच वेळी हवे असतील तर काय करायचे, हा पुढच्या प्रकरणांचा विषय आहे. त्याआधी या वादाचा इतिहास, त्यामागचे साधे गणित आणि त्याच्या मर्यादा वाचकाला ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा अध्याय संपवला आणि तो संपला हे योग्यच झाले. त्यामुळे मराठी वाचकासाठी हा विषय खरेदीचा नाही. कॉर्बेट मात्र मराठी घरांत अनुवादांतून पोचलेला आहे, आणि त्याचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ साली पहिल्यांदा छापले गेले तेही मुंबईत. त्या पुस्तकांत रायफलींचे आकडे पानोपानी येतात आणि बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात. .२७५ म्हणजे काय, .४५०/४०० म्हणजे काय, कॉर्बेट कधी ही उचलतो आणि कधी ती, हे कळले तर त्या गोष्टींची आणखी एक बाजू दिसते. दुसरीकडे स्वीडन, नॉर्वे, कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड अशा देशांत मोठ्या सावजाची शिकार आजही कायद्याच्या चौकटीत, परवान्यांनी आणि ठरलेल्या संख्येने चालते. प्रस्तुत विषय आज खरा जिवंत आहे तो तिथे.

हलक्या रायफलीचा इतिहास सुरू होतो तो धूरविरहित दारूपासून. त्याआधी काळ्या दारूचा वेग मर्यादित होता. मार वाढवायचा तर नळीचे भोक आणि शिशाचा गोळा मोठा करण्यावाचून इलाज नव्हता. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत हत्तीसाठी वापरलेल्या चार बोअरच्या बंदुकांचे वजन आठ-दहा किलोपर्यंत जाई आणि त्या वाहायला वेगळा माणूस लागे. १८८६ साली फ्रान्सने धूरविरहित दारूची लेबेल रायफल सैन्याला दिली आणि काही वर्षांतच युरोपभर बारीक नळीच्या, वेगवान गोळीच्या लष्करी रायफली आल्या. स्पेनने १८९३ मध्ये ७×५७ माउजर स्वीकारली, स्वीडन आणि नॉर्वेने १८९४ मध्ये ६.५×५५. दोन्ही काडतुसे माणसांच्या लढाईसाठी जन्मली, पण दोघांनीही पुढे नाव कमावले ते रानात.

कॉर्बेटची .२७५ रिग्बी म्हणजे हीच ७×५७. लंडनच्या रिग्बी कंपनीने माउजरच्या बोल्टवर शिकारी रायफली बांधल्या आणि काडतुसाला इंग्रजी मापातले नाव दिले. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला ही रायफल भेट दिली. त्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली याच रायफलीने मारला.

हलक्या रायफलीची कीर्ती पराकोटीला नेली ती मात्र एका स्कॉटिश माणसाने. वॉल्टर बेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडातल्या करामोजा प्रदेशात हस्तिदंतासाठी फिरत होता. त्या प्रदेशावरून लोक त्याला ‘करामोजो बेल’ म्हणत. त्याने हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुसंख्य ७×५७च्या साध्या माउजर रायफलीने. आजच्या वाचकाला हा आकडा शहारे आणणारा वाटेल, आणि वाटावाच. तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर बेलचे यश काडतुसाच्या ताकदीतून आलेले नव्हते. त्याने हत्तीच्या कवट्या करवतीने उभ्या कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते. समोरून, बाजूने, तिरकस मागून अशा प्रत्येक कोनातून तिथवर पोचायची वाट त्याने पाठ केली होती. गोळी होती १७३ ग्रेनची, म्हणजे साधारण अकरा ग्रॅमची. लांबट, बोथट नाकाची, पोलादी कवचाची, हाडातून सरळ जाणारी. वेग सेकंदाला सातशे मीटर. हलकी रायफल त्याला हवी होती ती मैलोन्‌मैल चालून झाल्यावरही हात स्थिर राहावा म्हणून.

बेलची नक्कल करणे सोपे नव्हते. त्याच्यासारखी नजर, शरीररचनेचे ज्ञान आणि थंड डोके नसलेल्या माणसाला चवताळलेल्या हत्तीसमोर सात मिलिमीटरची गोळी वाचवू शकत नाही. म्हणूनच हत्ती, रानरेडा यांसारख्या अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी अनेक आफ्रिकी देशांनी .३७५ किंवा त्याच्या आसपासचे किमान माप कायद्यातच घातले. हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली आणलेले .३७५ मॅग्नम हे काडतूस त्या मापाचा मानदंड ठरले. या पुस्तकातले ‘मोठे सावज’ त्यामुळे हरणाच्या, एल्कच्या, मूसच्या जातीचे आहे, पहाडी मेंढ्यांचे आहे. हत्ती आणि रानरेडा हा वेगळा विषय आहे आणि तो हलक्या रायफलीचा नाही.

इतिहास एवढा पुरे. आता गणित.

गोळी आणि दारूचा वायू पुढे जितक्या जोराने जातात, तितकाच जोर रायफलीला मागे ढकलतो. हा संवेग काडतुसावर ठरतो, रायफलीच्या वजनावर नाही. पण तोच संवेग हलक्या वस्तूला जास्त वेग देतो, आणि खांद्याला बसणारी ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. रायफलीचे वजन पाव भागाने कमी केले, की धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. उदाहरण घेऊ. .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे १९०६ सालचे अमेरिकी काडतूस ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने फेकते. दुर्बिणीसह ३.६ किलोच्या रायफलीत त्याचा धक्का साधारण २७ ज्यूल भरतो. तीच रायफल २.७ किलोची केली तर तो ३६-३७ ज्यूलवर जातो. त्याच वजनाच्या रायफलीत १९६३चे .३०० विंचेस्टर मॅग्नम घातले तर आकडा पन्नाशी ओलांडतो.

आता त्याच २.७ किलोच्या रायफलीत १९८० साली रेमिंग्टनने आणलेले ७ मिमी-०८ घालून पाहावे. गोळी नऊ ग्रॅमची, वेग साडेआठशेच्या आसपास, धक्का सुमारे २४ ज्यूल. म्हणजे जड रायफलीतल्या .३०-०६पेक्षाही थोडा कमीच. रायफल जवळजवळ किलोभर उतरली आणि खांद्याला काहीच जास्त मोजावे लागले नाही. सगळ्या हलक्या रायफलींचे मर्म या आकड्यांत आहे: वजन उतरवायचे तर काडतूसही एक पायरी उतरवायचे.

इथे शिकाऱ्यांची पाऊलवाट बहुधा चुकते. दुकानात हलकी रायफल हातात घेतली की ती हवीशी वाटते, आणि काडतूस विचारले की मोठ्यात मोठे मागितले जाते. मग सरावाच्या मैदानावर तिसऱ्या-चौथ्या बारानंतर शरीर शिकते की चाप ओढला की मार बसतो. बार होण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो, आणि गोळी खाली किंवा बाजूला जाते. हे बिचकणे नकळत होते, आणि एकदा अंगी मुरले की काढायला महिने लागतात. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवली असेल तर हलकी रायफल भुवई फोडते, हा वेगळाच धडा.

धक्क्याखेरीज हलकेपणाची आणखीही किंमत असते. हलकी रायफल नाडीच्या ठोक्याने, श्वासाने, वाऱ्याने हलते. चापाचा ताण दोन किलोचा आणि रायफल सव्वादोन किलोची असेल तर चाप ओढतानाच नेम सरकतो, म्हणून अशा रायफलीचा चाप हलका आणि स्वच्छ सुटणारा असावा लागतो. बारीक नळी लवकर तापते आणि पाठोपाठच्या बारांत गोळ्या पांगू लागतात. कागदी निशाणावर दहा बार काढणाऱ्याला हे खुपेल, शिकाऱ्याला मात्र थंड नळीतून निघालेल्या पहिल्या गोळीशीच कर्तव्य असते. नळी आखूड करून वजन वाचवले तर दर सेंटिमीटरमागे साधारण तीन मीटर वेग जातो. हा तोटा क्षुल्लक आहे. बाराचा आवाज आणि भडका वाढतो, तो क्षुल्लक नसतो.

वजन उतरवण्याच्या युक्त्यांचा इतिहासही रंजक आहे. ऑस्ट्रियातल्या श्टायरच्या कारखान्यातून १९०३ साली निघालेली मानलिखर-श्योनाउअर ही आखूड कार्बाइन सडपातळ, नळीच्या टोकापर्यंत लाकूड असलेली आणि फिरत्या चक्रात काडतुसे ठेवणारी होती. तिचे ६.५×५४ काडतूस साडेदहा ग्रॅमची लांबलचक गोळी वापरी, आणि आल्प्सपासून अलास्कापर्यंत पहाडात भटकणाऱ्यांनी ती उचलून धरली. १९५२ साली विंचेस्टरने .३०८ हे आखूड काडतूस आणले आणि त्याच वर्षी मॉडेल ७०ची ‘फेदरवेट’ आवृत्ती काढली. काडतूस बारा-तेरा मिलिमीटरने आखूड झाले की बोल्ट, पेटी, दस्त्याचा मधला भाग, सगळेच आखूड होते. खरी उडी पडली ती १९८०च्या दशकात. वेस्ट व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्सने अल्ट्रा लाइट आर्म्सच्या मॉडेल २० साठी केव्हलार आणि कार्बन तंतूंचा दस्ता बनवला, तो वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास. बोल्टची चौकटही त्याने काडतुसाच्या लांबीबरहुकूम नव्याने आखली. सव्वादोन किलोच्या आसपासची ती रायफल नेमही चोख धरी. हलकी म्हणजे बेभरवशाची, ही समजूत तिथून ढासळू लागली. आज फिनलंडची टिक्का कंपनी साध्या गिऱ्हाइकाला परवडणारी रायफल तीन किलोच्या आत देते.

काडतुसाच्या बाजूने पाहिले तर या वादाला अमेरिकी मासिकांनी चेहरे दिले. ‘आउटडोअर लाइफ’चा शस्त्र-संपादक जॅक ओ’कॉनर हा ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारिता शिकवलेला माणूस. १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टरचा तो कैवारी होता. साडेआठ ग्रॅमची गोळी, मोठा वेग, सपाट मार्ग, आणि पहाडी मेंढ्यांच्या मागे खांद्यावर बाळगता येईल अशी रायफल, हे त्याचे समीकरण. समोर आयडाहोचा एल्मर कीथ. त्याच्या मते एल्कसारख्या जनावराला सोळा ग्रॅमच्या आसपासची जड, जाड गोळीच हवी. बारीक गोळ्या जखमी जनावरे रानात सोडतात. दोघांची शाब्दिक चकमक वर्षानुवर्षे चालली आणि वाचकांनी बाजू घेतल्या. ओ’कॉनरची पत्नी एलेनॉर मात्र बहुतेक शिकार ७×५७ने करी. तिने पाडलेल्या सावजांची यादी पाहिली तर कीथचा मुद्दा लंगडा पडतो.

तरी कीथ सर्वस्वी चुकीचा नव्हता. त्या काळच्या गोळ्या वेगाने आदळल्या की फुटून विखुरत आणि आत खोल जात नसत. जॉन नोस्लरला हाच अनुभव १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात आला. .३०० मॅग्नमच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगात शिरेनात. घरी परतून त्याने मधोमध तांब्याचा पडदा असलेली गोळी बनवली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसतो. १९४८पासून ती ‘पार्टिशन’ नावाने विकली जाऊ लागली. १९८९ मध्ये बार्न्स कंपनीने अख्ख्या तांब्याची गोळी आणली. चांगल्या बांधणीची सात मिलिमीटरची गोळी आता ते काम करते, ज्यासाठी कीथच्या तरुणपणी साडेआठ मिलिमीटर लागत. काडतूस लहान झाले ते गोळी शहाणी झाली म्हणून.

ऊर्जेचे आकडे इथे दिशाभूल करतात. जनावर मरते ते हृदय, फुप्फुसे किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाटून रक्तस्राव झाल्याने, नाहीतर मज्जासंस्था तुटल्याने. गोळीने तिथवर पोचावे, पुरेशी फुलावी आणि शक्यतो पलीकडे निघावी, एवढे झाले की आणखी हजार ज्यूलने फारसे काही साधत नाही. उलट आतड्यात बसलेली मॅग्नमची गोळी जनावराला तासन्‌तास तडफडत ठेवते.

याचा सर्वांत मोठा, रोजचा पुरावा उत्तर युरोपात आहे. स्वीडनमध्ये दरवर्षी हजारो मूस कायदेशीर शिकारीत मारले जातात. पूर्ण वाढलेला नर चारशे किलोंच्या वर भरतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम १८९४च्या त्या ६.५×५५ काडतुसाने होत आले आहे. तिथल्या नियमांची घडणही बोलकी आहे. मोठ्या सावजासाठी गोळी किमान नऊ ग्रॅमची आणि शंभर मीटरवर तिच्यात २,७०० ज्यूल ऊर्जा हवी; गोळी दहा ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २,००० ज्यूल पुरतात. म्हणजे कायद्याने वेगापेक्षा वजनाला, खोल शिरण्याला सूट दिली. ६.५×५५ची नेहमीची दहा ग्रॅमची गोळी त्यात सहज बसते. नॉर्वे शिकाऱ्याकडेही बघतो. मोठ्या सावजासाठी तिथे दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते: शंभर मीटरवर पाच गोळ्या, सगळ्या ठरलेल्या वर्तुळात. हातातले काडतूस किती जोरकस आहे याला त्या दिवशी गुण नसतात.

पहाडात हिशेब आणखी कडक होतो. पाकिस्तानात चित्राल आणि गिलगिट-बाल्टिस्तानच्या कड्यांवर मारखोर या वळणदार शिंगांच्या रानबोकडासाठी वर्षाकाठी मोजके परवाने लिलावाने दिले जातात. त्यातले ऐंशी टक्के पैसे स्थानिक गावांना मिळतात आणि त्यामुळे गावकरी कळप राखतात. तिथे शिकाऱ्याला खूप उंच चढावे लागते आणि बार बहुधा खोल दरीपलीकडे, तीव्र उतारावर काढावा लागतो. तीस अंशांच्या उतारावर तीनशे मीटर दिसणारे अंतर गोळीच्या घसरणीच्या हिशेबाने दोनशे साठच असते. चढून छाती धपापत असेल, तर खांद्यावरून उतरवलेला प्रत्येक ग्रॅम नेमाच्या वेळी कामी येतो. मात्र तीच हलकी रायफल धपापत्या छातीबरोबर जास्त डोलते, म्हणून पहाडी शिकारी पिशवीवर टेकवून, आडवे होऊन बार काढायला आधी शिकतो.

या सगळ्यावरून निवडीचा एक क्रम सुचतो, आणि पुढची प्रकरणे त्याच क्रमाने लावली आहेत. सुरुवात सावजापासून आणि त्या देशाच्या कायद्यापासून. मग गोळी: वजन, बांधणी, किती वेगापर्यंत ती फुलते. गोळी ठरली की ती पुरेशा वेगाने फेकणारे सर्वांत सौम्य काडतूस. ६.५×५५, ७×५७, ७ मिमी-०८, .३०८ आणि .२७० यांच्यातला फरक मैदानावर मोजता येतो, जनावराला बहुधा जाणवत नाही. रायफल सर्वांत शेवटी, आणि तिचे वजन मोजायचे ते दुर्बीण, ती बसवायच्या कड्या, खांद्याचा पट्टा आणि भरलेली काडतुसे धरून. कंपनीच्या पत्रकातले सव्वादोन किलो रानात पोचेपर्यंत तीन होतात. दुर्बिणीसह पावणेतीन ते सव्वातीन किलो हा पट्टा बहुतेक अनुभवी शिकाऱ्यांना मानवतो.

शेवटचे प्रकरण अजून घडत असलेल्या बदलाविषयी आहे. शिकार करून टाकलेल्या आतड्यांतले शिसे गिधाडांच्या आणि गरुडांच्या पोटात जाते. कॅलिफोर्नियात काँडोर पक्षी त्याने मरू लागले, तेव्हा १ जुलै २०१९पासून त्या राज्याने शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. डेन्मार्कने एप्रिल २०२४पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी आणली. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती स्थिर फिरवायला नळीतले पेच अधिक तीव्र लागतात, आणि ती फुलायला वेगही जास्त लागतो. म्हणून ६.५ मिमीच्या तांब्याच्या गोळ्या बऱ्याचदा आठ ग्रॅमच्या आसपास ठेवल्या जातात, आणि शिशाच्या काळात आखलेल्या नऊ ग्रॅमच्या रेघेखाली त्या येतात. नऊ ग्रॅम शिशाचे काम आठ ग्रॅम तांबे करते का, याची तपासणी त्या प्रकरणात काडतूसवार केली आहे, आणि जुन्या संथ पेचांच्या नळ्यांचे काय करायचे हा प्रश्नही तिथेच हाताळला आहे.